आपली वाणी आपल्याला कशी सापडते? : प्रवचन लिहिणाऱ्यांसाठी काही विचार

धर्मविद्यालयातील अभ्यासक्रम पूर्ण करून नुकताच धर्मग्रामात आलेला तरुण धर्मगुरू पहिल्या वर्षी कोणत्या अडचणीत सापडतो असे विचारल्यास बहुतेक लोक व्यवहाराच्या अडचणी सांगतील : हिशेब, इमारतीची दुरुस्ती, दोन घराण्यांतील जुने तंटे. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु ज्येष्ठांना विचारून त्यांतून वाट काढता येते. जिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही अशी एक अडचण शनिवारी रात्री येते. दुसऱ्या दिवशीचे शास्त्रपाठ वाचून झालेले असतात, टीकाग्रंथ चाळून झालेले असतात, समोर कोरा कागद असतो. आणि सांगावयाचे पुष्कळ असूनही एकही वाक्य आपले म्हणून कागदावर उतरत नाही. जे उतरते ते कोठेतरी वाचलेले असते, कोणाकडून तरी ऐकलेले असते. तेच वाक्य कोणत्याही देवळात, कोणत्याही रविवारी चालले असते.

प्रवचनकाराची ही अडचण धर्मविषयक लेख लिहिणाऱ्याचीही आहे, आणि धर्मशिक्षणाचे पाठ तयार करणाऱ्या भगिनींची व शिक्षकांचीही. म्हणून प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. लिहिण्याची आपली रीत कशी सुधारावी, हा पहिला. आणि लिहिता लिहिता आपली स्वतःची वाणी कशी सापडते, हा दुसरा. हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी मुळात ते एकच आहेत, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्यासाठी स्वतःच्या एका चुकीपासून आरंभ करणे मला भाग आहे.

एक अंत्यविधी

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामात नवीन होतो. रानाच्या कडेला असलेल्या एका वाडीतील वृद्ध स्त्री वारली, आणि अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला. आमच्या घरी कोकणी बोलली जाई, शाळेत मी मराठी शिकलो, आणि धर्मशास्त्राचे सारे शिक्षण इंग्रजीतून झाले. त्या रात्री मी पुनरुत्थानावरील माझी टिपणे काढली, इंग्रजीत चार परिच्छेद रचले आणि पहाटेपर्यंत बसून त्यांचे मराठी केले. त्यातील एक वाक्य असे होते : ‘मृत्यू हा जीवनाचा शेवट नसून ते एक असे संक्रमण आहे, ज्याच्याद्वारे मानवी अस्तित्व त्याच्या परिपूर्णतेप्रत नेले जाते.’

या वाक्यात धर्मशास्त्राची चूक नाही. परीक्षेत त्याला गुणही मिळाले असते. दफन झाल्यावर त्या स्त्रीचा मुलगा माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “फादर, लई मोठं बोललात. पण आमची आई त्यात कुठं दिसली नाही बघा.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादा शेतकरी शेजाऱ्याला त्याच्या बांधाला पडलेली फूट दाखवितो, तशी त्याने मला माझी उणीव दाखविली. मी विचारले, “कशी होती आई?” तो म्हणाला, “दर शनिवारी कपेलचं अंगण तीच सारवायची. उद्या देव येतोय, जागा नीट पायजे, म्हणायची. तीस वर्षं झाली असतील.”

त्या सकाळी मी वाचलेला शास्त्रपाठ योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील होता. आपण शिष्यांसाठी जागा तयार करावयास जात आहोत, असे प्रभू तेथे सांगतो. जिने तीस वर्षे दर शनिवारी प्रभूसाठी जागा तयार केली, तिच्यासाठी आता प्रभूने जागा तयार केली आहे : एवढे एक वाक्य मला सांगता आले असते, आणि त्यात माझ्या चारही परिच्छेदांतील सिद्धान्त आला असता. ते वाक्य त्या वाडीत, त्या अंगणात पडलेले होते. मी मात्र ते इंग्रजी टिपणांत शोधीत बसलो. नंतर ते सुचून उपयोग नव्हता. मनुष्याचे दफन एकदाच होते.

शब्द आणि वाणी

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. देवाच्या वचनाची सेवा करणाऱ्याने ‘स्वतःच्या वाणी’चा शोध घ्यावाच कशासाठी? आपण स्वतःची घोषणा करीत नाही, असे संत पौल करिंथकरांस निक्षून सांगतो (२ करिंथ ४:५). साहित्यिकाला स्वतंत्र शैलीचा अभिमान शोभेल. सेवकाला तो शोभत नाही.

या आक्षेपाचे उत्तर मला संत ऑगस्टिनच्या एका प्रवचनात सापडले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्मोत्सवी केलेल्या या प्रवचनात तो योहानाला ‘वाणी’ आणि ख्रिस्ताला ‘शब्द’ म्हणून ओळखतो व त्या दोहोंतील नाते उलगडतो. माझ्या मनात एखादा विचार आहे. तो तुझ्या मनात पोहोचावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मी वाणीची मदत घेतो. वाणी तो विचार तुझ्याकडे नेते आणि विरून जाते. विचार तुझ्यापाशी राहतो, आणि माझ्यापासूनही तो गेलेला नसतो. येथे वाणीचे दोन्ही गुण एकदम दिसतात. ती वाहक आहे, म्हणून तिने स्वतःकडे लक्ष वेधू नये. परंतु ती वाहक आहे म्हणूनच ती खरी असली पाहिजे. उसनी वाणी काहीच वाहून नेत नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनातून ती निघालेलीच नसते. माझे त्या सकाळचे वाक्य वाटेत हरवले ते याच कारणाने.

न्यायालयातील साक्षीदाराचा दाखला घेतला तर हे अधिक स्पष्ट होईल. जे पाहिले ते साक्षीदाराने आपल्या शब्दांत सांगावयाचे असते. तो पढविलेली वाक्ये बोलू लागला की ती खरी असली तरी त्याच्यावरचा विश्वास उडतो. ख्रिस्ताने शिष्यांना साक्षी होण्यास सांगितले आहे.

पवित्र शास्त्र स्वतःच याला पुरावा आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रकटीकरणाविषयीचे जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात शास्त्रलेखकांना खरेखुरे लेखक म्हटले आहे : देवाने त्यांना निवडले, आणि त्यांच्या स्वतःच्या शक्ती व क्षमता वापरू देऊनच त्यांच्याकडून लिहवून घेतले. म्हणूनच शुभवर्तमाने चार आहेत आणि चौघांच्या चालीही चार आहेत. मार्क घाईत असतो. ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द तो चाळीसएक वेळा वापरतो. परंतु याच घाईत, पाच हजारांच्या भोजनाच्या वेळी गवत हिरवे होते आणि वादळात प्रभू उशीवर डोके ठेवून झोपला होता, हे तोच नोंदवितो. लूक प्रारंभीच आपली रीत सांगतो : सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग त्या क्रमाने लिहिल्या. वाचकही त्याने नावानिशी समोर ठेवला आहे, तो थियफिल. पवित्र आत्म्याने मार्काची घाई पुसून टाकली नाही, की लूकचा नेटकेपणा मार्कावर लादला नाही. ज्याने त्यांच्या वाण्या राखल्या, त्याला आपलीच नको असेल असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या आधीची मंडळी

मराठी ख्रिस्ती लेखनाची परंपरा चार शतकांहून जुनी आहे. तिच्यातील तीन लेखकांकडे केवळ या एका प्रश्नासाठी पाहू.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि त्यांनी आपले बहुतेक आयुष्य साष्टीत वेचले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे या देशात पाऊल ठेवल्यापासून ग्रंथ छापून निघेपर्यंत ३७ वर्षे गेली होती. युरोपातील काव्याचे साचे त्यांना परिचित असणारच. परंतु त्यांनी ओवी घेतली, पुराणाची मांडणी घेतली, कारण त्यांच्या श्रोत्यांचे कान त्यांवर वाढले होते. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. लिपी परकी राहिली, पण चाल घरची होती. म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ लोकांनी हस्तलिखितांतून पिढ्यान्पिढ्या जतन केला. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते मात्र राहिली. ज्याची मातृभाषा मराठी नव्हती त्याला मराठीत आपली वाणी सापडली, ती लिहिण्याआधी इतकी वर्षे ऐकल्यामुळे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). संस्कृतातील त्यांच्या अधिकारामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. तत्कालीन मराठीत संस्कृतप्रचुर लिहिण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा आधार घेऊन त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीलाही वाचता व समजता यावे या हेतूने. आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत ते काम चालले होते, आणि खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम सदनातीलच स्त्रियांनी केले. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्या स्त्रिया लेखिकेच्या डोळ्यांपुढे रोज वावरत होत्या. वाणी सापडणे म्हणजे पुष्कळदा जवळ असलेले काही सोडून देणे असते, हे रमाबाईंकडून शिकावे.

तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळाले नाही. लिहा-वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नामांकित कवी. अशा घरात राहून लिहावयास बसलेल्या व्यक्तीला पतीच्या शैलीचा मोह पडणे स्वाभाविक होते. साठी उलटल्यावर लिहिलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि त्यांत टिळकांची छाया शोधूनही सापडत नाही. बाई सिद्धान्त सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्या सांगतात तेव्हा निषेधाचा शब्द न काढता वाचकाला हसवितात, आणि हसता हसता त्याला त्या घरातील कोंडी समजते. त्या स्वतःलाही हसतात. बोलण्याची जी ढब त्यांच्याजवळ होती तीच त्यांनी कागदावर येऊ दिली. एवढेच त्यांनी केले, आणि एवढे पुरेसे झाले.

या तिघांचे शिक्षण, भाषा, परिस्थिती यांत कोठेही साम्य नाही. साम्य आहे ते एकाच ठिकाणी : आपण कोणाशी बोलत आहोत हे तिघांनाही पक्के ठाऊक होते. यावरून मला जे सांगावयाचे आहे ते असे. स्वतःच्या आत डोकावून वाणी सापडत नाही. समोरच्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहिल्याने आणि त्याचे ऐकल्याने ती सापडते. वेगळेपणासाठी निराळी खटपट करावी लागत नाही. ज्या माणसांवर आपण प्रेम करतो त्यांच्याशी प्रत्येकजण मुळातच वेगळा बोलत असतो.

लिहिण्याची रीत

आता व्यवहाराकडे वळू. पुढील रीत मी अनेक वर्षे वापरीत आलो आहे. ती सर्वांना जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. परंतु निदान आरंभासाठी ती उपयोगी पडावी.

प्रथम, सोमवारी पुढील रविवारचा शास्त्रपाठ वाचावा, आणि टीकाग्रंथ बुधवारपर्यंत उघडू नये. टीकाग्रंथ आवश्यक आहेत. ते न वाचता प्रवचन करणे हा आळस होय. परंतु ते आधी वाचले तर त्यांचे प्रश्न आपले प्रश्न होऊन बसतात. दोन दिवस तो पाठ सोबत घेऊन आजाऱ्यांच्या भेटीला जावे, बाजारात जावे, शाळेत जावे. मग तो पाठ आणि धर्मग्रामातील माणसे एकमेकांविषयी बोलू लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या उपदेशपत्रात प्रवचनाच्या तयारीवर विस्ताराने लिहिले आहे. प्रवचनकाराने वचनाप्रमाणेच लोकांचेही मनन करावे, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा आहे. आईचे मुलाशी जसे बोलणे असते तसे प्रवचन असावे, असेही त्यांनी तेथे सुचविले आहे. आई मुलाशी बोलताना आधी त्याचा चेहरा पाहते.

दुसरे, लिहावयास बसण्यापूर्वी दोन गोष्टी कागदाच्या माथ्यावर लिहाव्यात : एका माणसाचे नाव आणि एक वाक्य. नाव अशा माणसाचे, जो रविवारी खरोखर समोर बसणार आहे; आणि वाक्य ते, जे त्याला घरी घेऊन जाता यावे. ‘समस्त श्रद्धावंत’ यांना उद्देशून लिहिलेले कोणाच्याच कानावर नीट पडत नाही. वाक्य एकात मांडता येत नसेल तर ते प्रवचन अद्याप तयार नाही. तेथे शब्दांची भर घालून उपयोग नाही.

तिसरे, पहिला मसुदा मराठीतच लिहावा आणि एका बैठकीत लिहावा. विचार इंग्रजीत सुचला, तर कागद बाजूला ठेवून तोच विचार त्या नाव लिहिलेल्या माणसाला मोठ्याने सांगून पाहावा, आणि तोंडातून जे निघेल ते लिहावे. एखाद्या पारिभाषिक शब्दासाठी अडून बसू नये; जागा मोकळी सोडून पुढे जावे. पहिल्या मसुद्यात शुद्धतेची चिंता करणारा लेखक दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जात नाही.

चौथे, तो मसुदा किमान एक रात्र तसाच ठेवावा. म्हणूनच शनिवारी रात्री लिहावयास बसणे घातक आहे : त्या लेखनाला रात्र मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचावे. जेथे श्वास अपुरा पडतो तेथे वाक्य तोडावे. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा भाषांतर लपलेले असते. ‘ज्याच्याद्वारे’, ‘च्या संदर्भात’, ‘च्या दृष्टिकोनातून’, ‘केले जाते’, ‘नेले जाते’ अशा जागांवर खूण करावी, आणि तेथे कोण काय करतो हे सरळ सांगावे. माझ्या त्या वाक्यात ‘नेले जाते’ असे होते. नेणारा कोण, हेच मी सांगितले नव्हते. आणि सांगावयाचे होते ते तेवढेच. देव नेतो.

पाचवे, उसनी वाक्ये काढून टाकावीत. ती ओळखण्याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक वाक्याजवळ थांबून विचारावे : हे वाक्य दुसऱ्या धर्मगुरूला, दुसऱ्या गावात, दुसऱ्या रविवारी असेच बोलता आले असते काय? येत असेल, तर ते खरे असूनही आपले नाही. अशी सर्व वाक्ये काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. श्रद्धेची काही वाक्ये सर्वांची आहेत, आणि ती सर्वांनी एकसारखीच बोलावयाची आहेत. परंतु संपूर्ण प्रवचनात एकही वाक्य आपले उरत नसेल, तर आपण त्या आठवड्यात कोणाला भेटलो नाही असाच त्याचा अर्थ होतो. आज तयार प्रवचने भ्रमणध्वनीवर दर आठवड्याला येतात. मागणी केल्यास संगणकही क्षणात प्रवचन लिहून देतो, आणि ते शुद्धही असते. त्यांतून माहिती घेण्यास हरकत नाही. परंतु त्या वाडीतील अंगण कोण सारवीत होते, हे जाऊन विचारल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

सहावे, बोलण्यापूर्वी कोणा एकाला ते वाचून दाखवावे. शक्यतो विद्वानाला नको. धर्मशिक्षक, देवळाची व्यवस्था पाहणारा सेवक, दहावीतील एखादी मुलगी, यांपैकी कोणीही चालेल. “समजले काय?” असे विचारू नये, भिडेखातर सर्वजण होय म्हणतात. “मी काय म्हणालो ते सांग,” असे म्हणावे. ती मुलगी जे सांगेल तेच आपण लिहिले आहे, असे समजावे.

आणि सातवे, एक वही ठेवावी. तीत सुविचार लिहू नयेत. ऐकलेली वाक्ये लिहावीत. दवाखान्याच्या बाकावर, एस.टी.त, शोकाच्या घरी माणसे जे बोलतात ते त्यांच्या शब्दांत टिपून ठेवावे. ते प्रवचनात वापरावयाचे असतेच असे नाही. कित्येकदा ते वापरणे योग्यही नसते, कारण विश्वासाने सांगितलेली गोष्ट व्यासपीठावर आणणे हा द्रोह होय. त्या वहीमुळे मात्र आपला कान घडतो, आणि लिहिणारा हात कानाच्या मागून चालतो.

सीमेवरची मराठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात आणखी एक संकोच असतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी भाषक आहोत. बेळगावच्या मराठीत कानडीची लकब येते, गोव्यात कोकणीची, बडोद्यास गुजरातीची, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीची, हैदराबादेत उर्दूची. लिहावयास बसलो की आपली मराठी ‘खरी’ नाही असे वाटू लागते, आणि आपण पुण्यामुंबईच्या पुस्तकांतील भाषा अंगावर चढवितो. दुसऱ्याचा अंगरखा घातलेल्या माणसाचे हात मोकळे हलत नाहीत.

संत ऑगस्टिन हाही रोमपासून दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिप्पो येथे लॅटिन बोलत होता. ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या ग्रंथाचा चौथा भाग त्याने ४२६-४२७ च्या सुमारास पूर्ण केला. त्यात तो एक लहानसे उदाहरण देतो. लॅटिनमध्ये ‘हाड’ आणि ‘तोंड’ या दोन्ही अर्थी ‘ओस’ असाच शब्द आहे. भेद केवळ स्वराच्या लांबीचा. आफ्रिकेतील लोकांच्या कानांना तो भेद कळत नसे. तेव्हा ‘हाड’ म्हणावयाचे असता व्याकरणशुद्ध ‘ओस’ कशाला म्हणावे? लोकांच्या तोंडी असलेले अशुद्ध ‘ओस्सुम’ म्हणावे. निदान समजेल तरी! वक्तृत्वशास्त्राचा हा प्राध्यापक, ज्याने मिलानमध्ये ते शास्त्र शिकविले होते, श्रोत्यासाठी व्याकरणाचा दंड भरावयास तयार होता. आपणही व्याकरण शिकावे, लेखन नेटके करावे. परंतु आपल्या लोकांचा शब्द केवळ ग्रंथात सापडत नाही म्हणून टाकू नये. आधुनिक मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक आद्य लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावातच झाला, याचे स्मरण आपण सीमाभागातील मंडळींनी ठेवावे.

असमाधान

इतके करूनही लिहिलेले मनासारखे होत नाही, ही तक्रार राहीलच. तिनेही निराश होऊ नये. कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या एका डीकनने सुमारे ४०० साली हीच तक्रार ऑगस्टिनकडे केली होती : शिकविताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटते, मी काय करू? ऑगस्टिनने त्याच्यासाठी एक छोटा ग्रंथच लिहिला, आणि आरंभीच कबुली दिली की माझे बोलणेही मला जवळजवळ नेहमी असमाधानकारक वाटते. समज मनात विजेसारखी चमकून जाते. जीभ मात्र सावकाश, लांबच्या वाटेने तिच्या मागून येते. परंतु श्रोत्यांना ते आपल्याइतके नीरस वाटत नसते, हे त्यांच्या ऐकण्याच्या उत्सुकतेवरून कळते, असेही त्याने सांगितले. याच ऑगस्टिनने पुढे एका पत्रात, आपण प्रगती करता करता लिहितो आणि लिहिता लिहिता प्रगती करतो अशा वर्गातले आहोत, असे म्हटले. आणि आयुष्याच्या अखेरीस आपले ९३ ग्रंथ पुन्हा वाचून त्यांतील चुका स्वतः दाखवून दिल्या. ज्याला आपली वाणी सापडली असे आपण म्हणतो, तो मनुष्य अखेरपर्यंत ती दुरुस्त करीत होता.

त्या अंत्यविधीचा कागद मी अद्याप ठेवला आहे. प्रवचनाचा वर्ग घेतो तेव्हा तो विद्यार्थ्यांना वाचून दाखवितो, आणि त्यातील चुका शोधावयास सांगतो. व्याकरणाच्या चुका ते लवकर शोधतात. धर्मशास्त्राची चूक त्यांना सापडत नाही, कारण ती नाहीच. मग कोणीतरी विचारतो, “फादर, हे कोणासाठी लिहिले होते?” त्या प्रश्नापाशी आमचा वर्ग खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पुढच्या रविवारसाठी लिहावयास बसाल तेव्हा कागदाच्या माथ्यावर आधी एक नाव लिहावे. आणि शक्य असल्यास, लेखणी उचलण्यापूर्वी, त्या माणसाच्या घरी एकदा जाऊन यावे.